मोज्यातले आबा

बकरीनं खाल्लं म्हणून सांगतलं ना मॅडम तुमाले, मंग पुन्हा पुन्हा काऊन विचारता — हिरवं दिसलं का बकरी तोंड घालते, तिले काय मालूम का ते शाळेचं हाये अन् उद्या अर्जुनीच्या प्रदर्शनात जाणार हाये म्हणून — बसा ना, उभ्या कायले, त्या खुर्चीचा एक पाय हालते, जरा भितीले टेकवून बसा. रिंकू नाही घरी. बापासंग गाडीवर बाजाराले गेली, येतीन आता. सून माही बचत गटाच्या मीटिंगले गेली. मी म्हातारीच तेवढी हाये, अन् मले तुमच्या शाळेचं काय समजते? — काय पाहता तिकडं? हो, बांधलेलीच हाये बकरी. चिंचेखालीच राहते ते. नाही, इथं सपरीत, या खिडकीपर्यंत, दोर नाही पुरत तिचा... आता तुमी शिकलेल्या बाया, तुमच्यापुढं खोटं किती टिकन! बरं बापा, नाही खाल्लं बकरीनं. झालं समाधान? मुक्या जनावरावर आळ घेतला मी. पण गेलं ते गेलं, आता जास्त विचारू नका. पाणी घ्या.

खरं सांगू का, मले त्या मोज्याच्या मुंडक्याची किळस होती. पहल्या दिवसापासून. टाकाऊतून टिकाऊ म्हणे — हे कोणाच्या डोस्क्यातून निघते, तुमच्या का वरून येते? आमच्या घरात जे टाकाऊ असते ते आमी टाकतो, म्हणून तं त्याले टाकाऊ म्हणतेत! मांगच्या वर्षी प्लास्टिकच्या बाटल्यांचा मोर केला पोट्टीनं, तो त्या आलमारीवर धूळ खात पडला, त्याच्या पोटात पालीनं अंडे घातले. अन् आता हे. तुमी ग्रुपवर व्हिडिओ टाकला ना — जुना मोजा घ्या, त्यात बी टाका, वरून भुसा भरा, गाठ मारा, डोळे चिकटवा, रोज पाणी द्या, बाहुल्याले हिरवे केस येतेत — पोट्टीनं तो एवढ्या वेळा पाह्यला का मलेबी पाठ झाला. अन् मंग सुरू, मोजा दे, मोजा दे. आमच्या घरी मोजे घालते कोण मॅडम? योगराज, माहा पोरगा, बारा महिने चपलेवर. सुनेनं जन्मात नाही घातले. रिंकूचा स्वतःचा मोजा लहान, त्यात मुंडकं बसत नाही म्हणे. या घरात मोजे घालणारा एकच माणूस झाला, माहा नवरा, दुलीचंद. राईस मिलवर चौकीदार होता — खाकी कपडे, काळे बूट, अन् आत हे जाड खाकी मोजे, उन्हाळा असो का काही असो. गेला तो, तीनेक पावसाळे झाले. पण योगराजनं बापाची पेटी जशीच्या तशी ठेवली हाये. कपडे, शिट्टी, पट्टा, मोजे. दसऱ्याले त्या पेटीले फूल वाहते तो. मी तं म्हणून राहिली होती का सारं नदीत सोडून दे — अशा डोळ्यानं पाह्यलं त्यानं माह्याकडं, का जशी काय मीच मारलं त्याच्या बापाले.

तं त्या पेटीतला मोजा काढला. योगराजनंच काढून देल्ला, स्वतःच्या हातानं, अन् डोळे भरून आले त्याचे — घे रिंकू, आबाचा मोजा हाये, चांगलं बनव. मी तिथंच तांदूळ निवडत बसली होती. मॅडम, तो मोजा मीच धुऊन ठेवला होता, साबणानं, सोड्यानं, तरी पेटी उघडल्याबरोबर मले वास आला. तुमाले नसता आला. मी तो मोजा रोज संध्याकाळी त्याच्या पायातून ओढून काढला हाये, दिवसभर बुटात उबलेला, ओला, काढून वास घेऊ नये म्हणून तोंड फिरवलं तं तेबी त्याले चालत नोहोतं. नवऱ्याच्या पायाचा वास येते का तुले, राणी लागून गेली का तू? — असू द्या. तं रिंकूनं कणगीतले धान भिजवले, ओल्या फडक्यात बांधून मोड आणले, आमी पऱ्ह्याले, रोपं कराले, टाकतो तसे, मीच दाखवलं तिले, मले काय माहीत पुढं काय होणार हाये ते. मोज्याच्या बोटाकडं ते धान टाकले, वरून मिलचा तूस अन् माती ठोसून भरली, रबरानं नाक काढलं, बाटलीच्या झाकणाचे डोळे, सुतळीच्या मिशा, अन् सुनेच्या फुटक्या बांगडीचा चष्मा. फिनाईलच्या डब्याचा बूड कापून त्यावर ठेवलं, मोज्याची खालची पट्टी आत पाण्यात लोंबत. अन् ठेवलं कुठं? इथं. या खिडकीत. मी बसतो तिथून समोरासमोर.

आता तुमी म्हणान का म्हातारी पोराच्या खेळावर चिडते. ऐका तं. मोड आले ना, तं पहले केस नाही येत मॅडम, पहले मुळ्या येतेत. पांढऱ्या, बारीक, अळ्यांसारख्या, त्या लोकरीतून बाहेर निघाल्या — कानाकडून, डोळ्याखालून — सकारी चहा घेऊन बसली मी, पाहतो तं गालातून पांढरं काही लोंबून राहिलं. बशी तशीच ठेवली. मंग गालावर बुरशी धरली, हिरवी-काळी. मंग वास. ओल्या लोकरीचा अन् कुजल्या तुसाचा. सून, नूतन, म्हणे मले काही येत नाही, तुमच्या नाकाले सवय हाये. सवय! — अन् मंग केस आले. हे एवढे, ताठ, हिरवेगार. अन् मंग काय विचारता, घरभर आनंद! आबा आले, आबा आले. योगराजनं फोटो काढून स्टेटस ठेवला, अगदी आबाच दिसतेत म्हणे, तीच मिशी. गावातले पोट्टे पाहाले येत. माही नणंद कामठ्याहून दोन गाड्या बदलून आली — भावाच्या मुंडक्यापुढं बसली, पदर डोळ्याले लावला, अन् हात जोडून हळदकुंकू वाह्यलं. मोज्याले! त्याच्या पायाच्या मोज्याले! मी उठून मांगच्या वाडीत गेली अन् ओकली. आत येऊन म्हटलं, पित्त झालं.

अन् रोज सकारी शाळेत जाता जाता रिंकूचं एकच — आजी, आबाले पाणी देजो. आजी, आबाले ऊन दाखवजो. आजी, आबाचे केस कंगव्यानं नीट करजो. तुमी नव्या हाये मॅडम या गावात, तुमाले माहीत नाही. या माणसाले लकवा मारला होता. सात वर्षं खाटेवर. मीच पाणी पाजलं, मीच आंग धुतलं, मीच त्याच्या मिशा कापल्या, मीच ऊन दाखवलं. वाचा गेली होती पण डोळे नोहोते गेले — भाजीत मीठ कमी असलं तं असा पाहे का माहा हात आपोआप डोस्क्यावर जाये, आडवा. खाटेवरच्या माणसाले भिऊन! तो गेला तवा बायांनी मले धरून रडवलं, अन् मी पदराआड... जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी आंगणात खाट टाकून पाय ताणून दुपारभर झोपली, एवढंच सांगतो. अन् आता पुन्हा तेच — वाटी भर, पाणी दे, हळूहळू दे, डोळ्यात जाऊ देऊ नको. म्हणजे मेल्यावरबी माह्याच हातानं जगणार का हा?

मी देल्लं ना पाणी. रोज देल्लं. पोट्टीचं मन मोडवत नाही. पण घरी कोणी नसे, तं पाणी देता देता तोंड चाले माहं. पहले दोन शिव्या — काय घाण माणूस रे तू, मेल्यावरबी वास मारते. मंग आणखी काही. मंग रोज एक एक गोष्ट. जे मले तो चालता-फिरता होता तवा बोलता आलं नाही, खाटेवर होता तवाबी बोलता आलं नाही, ते सारं त्या झाकणाच्या डोळ्यात पाहून बोले मी. तुमी हासान, पण मले बरं वाटाले लागलं होतं. सकारी केव्हा सारे जातेत अन् मी केव्हा वाटी घेतो, असं होये.

मंग ते तुमचं भाषण आलं. नाही, तुमचा दोष नाही म्हणत, तुमाले काय माहीत — प्रकल्पाची माहिती सांगाची, अन् सोबत आबाची गोष्ट सांगाची, परीक्षकाले आवडन म्हणे. योगराजनं गोष्ट सांगतली अन् तुमीच ते शुद्ध भाषेत करून देल्ली. पोट्टी इथं उभी राहून पाठ करे, त्या मुंडक्याकडं हात करून — हे माझे प्रेमळ आबा. माझी आजी बांधावरून घसरून पडली, तिचे हाड मोडले. त्या दिवशी खूप चिखल होता, गाडी मिळाली नाही. तेव्हा आबांनी आजीला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत नेले. — रोज संध्याकाळी! अन् मी इथं बसून भाजी चिरे. सारा गाव सांगते ते गोष्ट, मॅडम. मले कुठं गेली तरी ऐकाले भेटते. नागऱ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेले गेलो तं तिथं नणदेच्या गावच्या बाया म्हणत — हेच का ते, जिले नवऱ्यानं पाठीवर नेलं? नशीब काढलं बाई. एक तं माह्या पाया पडली.

नेलं ना. खोटं नाही. पाठीवरच नेलं.

पण मी बांधावरून नाही पडली. मी बांधीत, धानाच्या शेतात, गेलीच नोहोती त्या दिवशी. मी या आंगणात होती. तो मिलवरून आला, संग मिलचे दोघं जण, अन् तिथं, त्या न्हाणीजवळ चिखोल होता — पाय सटकला अन् हा चौकीदार धपकन बसला, टोपी एकीकडं, शिट्टी एकीकडं. अन् मी हासली. एवढंच. मी तवा तरणी होती मॅडम, मले हासू लवकर ये, एक बार आलं का थांबत नसे. ते दोघंबी हासले. तोबी हासला त्यांच्यासंग, उठला, चहा मांगला. चहा पेऊन ते गेले. त्यानं दरवाजा लोटला. बूट काढले नोहोते त्यानं. — इथं मारली लाथ. या खुब्यावर. मी उंबरठ्याच्या दगडावर पडली, अन् दुसरी मारली तवा आवाज आला. योगराज पाळण्यात होता. मंग तो घाबरला, पांढराफट पडला, मले उचललं, पाठीवर घेतलं, अन् गाव दारात उभं राहून पाहे. मले शुद्ध होती. सारा रस्ता तो मान वळवून वळवून एकच बोले — घसरली म्हणजो. बांधावरून घसरली म्हणजो. समजलं का? घसरली म्हणजो. — डॉक्टरनं विचारलं तं तोच बोलला, अन् मी मान हालवली. हाड वाकडं जुळलं. ही चाल तवापासूनची. तुमीबी पाह्यली ना मघाशी, मी पाणी आणाले गेली तवा, अन् तुमाले वाटलं का म्हातारपण हाये.

डोळे पुसू नका. मले रडणाऱ्या बायांची लय चीड हाये. काय म्हणता — दुसऱ्या मोज्याचं? पेटीत दुसरा असन, रात्रीतून बनवून... मॅडम, तुमी ऐकून राहिल्या का नाही? — हं. तोंडातून निघालं म्हणता. बरं. तुमालेबी वरून विचारतेत, समजते मले.

आता निघालंच हाये तं ऐकून घ्या मंग, मुंडकं कुठं गेलं ते. गेल्या हप्त्यात तुमची मीटिंग होती, शाळा दुपारीच सुटली. मले काय मालूम. मी वाटी घेऊन इथं, अन् माहं सुरू — हास ना आता, हास! मी एक बार हासली तं तू माहा खुबा मोडला, आता मी रोज तुह्या डोस्क्यावर पाणी ओततो अन् रोज हासतो, मार लाथ! कुठं हाये पाय तुहा? तुह्या पायाचंच तं डोस्कं केलं पोट्टीनं! — अन् खरंच हासू आलं मले, किती वर्षांनी, पोट धरून हासली मी, अन् वळून पाहतो तं दारात रिंकू. दप्तर पाठीवर तसंच. म्हणते, आजी, तू बांधावरून नाही पडली?   तिनं दप्तर खाली ठेवलं. खिडकीपाशी गेली, त्याचे केस मुठीत धरले, उचललं, अन् दोन्ही हातानं तो मोजा फाडला. तो तूस, तो चिखोल, त्या पांढऱ्या मुळ्या, सारं फरशीवर. खराट्यानं भरून उकंड्यावर नेऊन टाकलं तिनं, झाकणाचे डोळेबी. मंग मोरीवर बसून हात धुतले साबणानं. पुन्हा धुतले. पुन्हा धुतले. मी म्हटलं पुरे वं, सालपटं निघतीन. तं ते म्हणते, वास जात नाही.

मंग माह्याजवळ येऊन बसली. अन् विचारते, तुले अजून दुखते का?

मॅडम, या घरात हे मले कोणी विचारलं नाही. पोरानं नाही, सुनेनं नाही, नणदेनं नाही. नवऱ्यानं पाठीवर नेलं म्हटल्यावर दुखाचं कुठं राहते? सहाव्या वर्गातली पोट्टी, पण तिनं विचारलं. मी म्हटलं, थंडीत दुखते. ते म्हणते, बाबाले सांग. मी म्हटलं, मेलेल्या माणसाचं कायले काढाचं, बाबाले तुह्या देवासारखा हाये तो. ते म्हणते, तू नाही सांगतलं तं मी सांगतो. मी तिच्या हातापाया पडली — नको वं, बकरीनं खाल्लं म्हणू. तिनं मान हालवली नाही, पण चूप बसली. माह्यासाठी चूप बसली. अन् तेच मले खाऊन राहिलं हाये.

कारण परवा तुमचा फोन आला योगराजले, का रिंकू भाषण नाही म्हणून राहिली, समजवा तिले. त्यानं समजवलं. पेटीतला दुसरा मोजा काढला, बस बेटा, आपण पुन्हा बनवू, आबाले वाईट वाटन. ते म्हणे नाही. तो म्हणे, काऊन नाही? ते म्हणे, मले किळस येते. आबाची किळस! — अन् मॅडम, माहा पोरगा, ज्यानं कधी मुंगीवर पाय नाही देल्ला, त्याचा हात वर गेला. तिनं तोंड नाही फिरवलं. मले पाह्यलं तिनं, त्याच्या हाताखालून. मारलं नाही त्यानं, खाली घेतला हात. पण तसाच गेला होता वर, अगदी तसाच, बोटं जुळवून. कोणी शिकवलं त्याले? त्यानं तं बापाले मारताना कधी पाह्यलं नाही. मी दिसूच देल्लं नाही.

ऐका — गाडी आली. त्याचीच हाये, हॉर्न बिघडला हाये तिचा. चला मॅडम, उठा आता. चहा पुन्हा कधी. नाही, थांबू नका, तुमी असान तं तो हो हो करन अन् तुमाले रस्त्यापर्यंत सोडाले जाईन, अन् माही हिंमत तवापर्यंत राहणार नाही. प्रदर्शनात दुसऱ्या कोणाचं न्या काही. सांगा तिथं, सुलोचनाबाईच्या, म्हणजे माह्या, नातीचं खराब झालं.

ये गा योगराज. पिशवी ठेव तिथं. नाही, मॅडम निघाल्या. तू कुठं चालली वं रिंकू, इथं बस, माह्याजवळ. तू बी बस योगराज. समोर बस. — जा मॅडम. मले माह्या पोरासंग बोलाचं हाये.